साखळी ओढण्याआधी

साऱ्या पुंता अरेनासचं मी निस्तरते.
शहराच्या टोकाला, सामुद्रधुनीच्या काठावर,
पहाटेच्या पाळीला, लोखंडी जाळ्यांपाशी.
जाळीत काय काय अडकतं:
बाहुलीचा हात, कवळी,
एकदा लग्नाची अंगठी, आतलं नाव घासून गेलेलं.
शहराचं पोट मला घड्याळासारखं कळतं.
रविवारी उशिरा,
मॅचच्या दिवशी मध्यंतराला सगळं एकदम.

आणि घरात
पावणेतीन वर्षांची मिलेन्का
शी धरून बसते चार चार दिवस.

पडद्यामागे जाते ती.
एक हात खिडकीच्या चौकटीवर,
चेहरा लाल, नजर लांबच्या जहाजावर.
शी आली का?
नाही.
मग काय करतेस?
वारा बघते.
आमच्याकडे वारा बाराही महिने असतो,
त्यामुळे खोटं तरी कसं म्हणू.

येर्कोने झाडून सगळे उपाय केले.
बेडकाच्या तोंडाचं हिरवं भांडं आणलं.
तिने बेडकाला टोपी घातली,
पोटात लोकरीचे गुंडे ठेवले,
मग मांजराला निजवलं.
चॉकलेट कबूल केलं,
ते तिने आधीच मागून घेतलं, विश्वासावर.
शेवटी तो स्वतःच बसला दार उघडं टाकून,
उदाहरण म्हणून.
ती टाळ्या वाजवून निघून गेली.

बालवाडीच्या ग्लादिसबाई म्हणाल्या,
मार्चपासून डायपर चालणार नाही हं.
मी मान हलवली.
कुठे काम करते ते सांगितलं नाही.

एकदाच बसली होती मोठ्या सीटवर, जानेवारीत,
माझे दोन्ही अंगठे घट्ट धरून.
झालं!
मी आनंदाच्या भरात साखळी ओढली.
ते गरगरलं, कुणीतरी घोट घेतल्यासारखा आवाज,
आणि मग नुसतं पाणी.
तिने भोकाड पसरलं नाही.
एवढंच विचारलं,
माझं होतं ना ते?

त्यानंतर पडदा.

एका रविवारी तिला कामावर नेलं.
लोखंडी जिना, ती कडेवर.
हे बघ, इथे येतं. सगळ्यांचं.
बाबांचं, ग्लादिसबाईंचं, महापौरांचंसुद्धा.
गोल टाक्या, वर संथ फिरणारा दांडा,
कठड्यावर एक सीगल.
नाक चिमटीत धरून ती बराच वेळ बघत राहिली.
माझं कुठलं?
अकरा वर्षं झाली या नोकरीला,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
कुठेतरी बोट केलं. ते.
तिने हात हलवला, चाओ.
सीगल उडाला, त्यालाही चाओ.

वाटलं, सुटलं कोडं.
घरी येऊन ती सरळ पडद्यामागे गेली.

फेब्रुवारी संपत आलेला,
छपराचे पत्रे थडथडत होते त्या रात्री
बाथरूमचा दिवा दिसला.
आत ती, मोठ्या सीटवर,
पाय अधांतरी, एकाच पायात मोजा.
तू बाहेर थांब.

बाहेर थांबले.
जन्मल्यापासून तिचं सगळं
माझ्याच हातांवरून गेलेलं,
आता हातांचं काय करावं कळेना.
दाराच्या मुठीवर ठेवले, काढले.

झालं, आतून आवाज. पण ओढायचं नाही.
नाही ओढत.
सकाळपर्यंत राहू दे.
राहू दे.

येर्को म्हणाला, वास येतोय.
म्हटलं, येऊ दे.

पहाटे कामाला निघताना
साखळी हातात घेतली.
कुणी जागं नाही ना पाहिलं,
आणि पुटपुटले, चाओ.

मग गाडी काढली,
रिकाम्या रस्त्यावरून जरा जोरातच हाणली,
ते पोचायच्या आत
आपण तिथे असावं म्हणून.